मांजराची शिंक आणि आपलं घर

(बालाघाट येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी या गावात जीवशास्त्र शिकवलं. बेडूक, गांडूळ, कोंबडीचं अंडं, जे हाताशी असेल ते समोर ठेवून ते शिकवायचे. म्हणून आज मीही आपल्या सगळ्यांच्या घरात, अंगणात, धानाच्या कोठीत आणि राईस मिलच्या पोत्यांवर दिसणाऱ्या एका प्राण्याविषयी बोलणार आहे. विषय आहे मांजरांना होणारे श्वसनाचे संसर्गजन्य आजार आणि ते कशामुळे बळावतात.

हा विषय आत्ताच का घेतला, ते आधी सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये छिंदवाडा शहरात काही पाळीव मांजरं मेली. आधी भरपूर ताप, मग खाणं बंद, मलूलपणा, आणि तीन दिवसांच्या आत शेवट. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे गेले आणि निदान आलं बर्ड फ्लूचं, म्हणजे एच५एन१ या विषाणूचं. पाळीव मांजरांत हा विषाणू सापडण्याची भारतातली ही पहिली नोंद. छिंदवाडा काही लांब नाही. आपल्या आणि त्यांच्या मध्ये फक्त सिवनी जिल्हा आहे.

त्याच्या काही दिवस आधी, डिसेंबर २०२४ च्या अखेरीस, नागपूरजवळच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले होते. वाघ चंद्रपूरहून आणलेले होते. त्यांचंही निदान भोपाळहूनच आलं आणि तेही एच५एन१चंच होतं. त्याच जानेवारीत लातूर जिल्ह्यातल्या उदगीरमध्ये कावळे मरून पडले, तिथेही हाच विषाणू निघाला. हे सगळं आपल्याच टापूत, एका हिवाळ्यात घडलं.

त्यानंतर लोक दवाखान्यात येऊन विचारू लागले की मांजर शिंकतंय, बर्ड फ्लू तर नसेल? काहींनी तर मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून दिलं. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण शंभर शिंकणाऱ्या मांजरांमधल्या जवळजवळ शंभरांना बर्ड फ्लू नसतो. त्यांना जे असतं ते जुनं आहे, ओळखीचं आहे आणि बऱ्याच अंशी टाळता येण्याजोगं आहे. आम्ही दवाखान्यात त्याला ‘कॅट फ्लू’ म्हणतो. नावात फ्लू असला तरी माणसाच्या किंवा पक्ष्यांच्या फ्लूशी त्याचं नातं नाही. आधी त्याच्याविषयी बोलतो, छिंदवाड्याकडे नंतर येतो.

मांजरांच्या या सर्दीमागे मुख्यतः दोन विषाणू असतात. पहिला मांजरांचा हर्पिस विषाणू, दुसरा कॅलिसिव्हायरस. दोन्ही पहिल्यांदा वेगळे काढले गेले ते १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात. सर्दी घेऊन येणाऱ्या मांजरांपैकी बहुतेकांच्या मुळाशी या दोहोंपैकी एक, किंवा दोन्ही असतात. त्यांच्या जोडीला काही जीवाणू येतात. क्लॅमिडिया मुख्यतः डोळ्यांवर हल्ला करतो, आणि बोर्डेटेला कुत्र्यांच्या खोकल्यातही असतो, त्यामुळे घरात खोकणारा कुत्रा असेल तर तो मांजरापर्यंत पोचू शकतो. मायकोप्लाझ्मा बहुधा आधीच्या आजारावर येऊन बसतो.

हर्पिसमध्ये शिंका जोरात येतात, नाक-डोळे वाहतात, डोळे चिपडांनी चिकटतात, कधी बुबुळावर जखम होते. कॅलिसिव्हायरसमध्ये तोंड पाहावं लागतं. जिभेवर फोड येऊन ते फुटतात, लाळ गळते, मांजर ताटलीजवळ येतं, वास घेतं आणि मागे फिरतं. कोवळी पिल्लं कधी कधी एक-दोन दिवस लंगडतात. लोकांना वाटतं, पडलं असेल कुठून तरी. पण सर्दी आणि लंगडणं एकत्र दिसलं तर या विषाणूचा संशय घ्यावा. त्याचे प्रकार असंख्य आहेत आणि तो सतत रूप बदलतो. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात त्याचा एक असा अवतार दिसला, की धडधाकट आणि लस घेतलेली मोठी मांजरंही त्यात मेली. असे उद्रेक सुदैवानं विरळ आहेत.

आता मुद्द्याचं सांगतो. हे विषाणू गावात कुठून तरी ‘येत’ नाहीत. ते इथेच असतात, आपल्या देखण्या, चकचकीत, उड्या मारणाऱ्या मांजरांच्या अंगात. हर्पिस एकदा झाला की बरं झालेल्या दहापैकी सुमारे आठ मांजरांत तो आयुष्यभर राहतो. चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत तो निपचित पडून असतो. आपल्याला ताप आला की ओठावर ‘जर’ उठतो ना, तो याच कुळातला विषाणू, आणि नागीणही याच कुळातली. ज्यानं नागीण भोगली आहे त्याला हा स्वभाव समजावून सांगावा लागत नाही.

मग तो जागा कधी होतो? ब्रिटनमध्ये रोझलिंड गॅस्केल आणि पोवी यांनी १९७७ मध्ये याचा छडा लावला. हर्पिसमधून बऱ्या झालेल्या मांजरांना त्यांनी वेगवेगळ्या ताणांतून जाऊ दिलं आणि विषाणू पुन्हा बाहेर पडतो का ते तपासलं. नुसती जागा बदलली तर साधारण पाचात एक मांजर विषाणू टाकू लागलं. पिल्लांना दूध पाजणाऱ्या माद्यांत हे प्रमाण दहात चार होतं. आणि स्टेरॉइड दिलेल्या मांजरांत दहात सात! ताण आल्याबरोबर विषाणू बाहेर येत नाही. मध्ये आठवडाभर जातो आणि मग आठवडा-दीड आठवडा तो नाका-डोळ्यांतून वाहत राहतो.

या आकड्यांवर जरा थांबू या, कारण आपल्या घरातली कितीतरी कोडी इथे सुटतात. वारासिवनीच्या बाजूचं एखादं घर घ्या. धान भरलं, उंदीर वाढले, म्हणून मिलवरून एक पिल्लू आणलं. घरात आधीचं म्हातारं मांजर आहेच. दहाव्या दिवशी पिल्लू शिंकतं, बाराव्या दिवशी दोन्ही. घरचे म्हणतात, पिल्लानं रोग आणला. कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा घडतं ते उलटं. नव्या पाहुण्याच्या ताणानं म्हाताऱ्या मांजरातला हर्पिस जागा होतो आणि पिल्लू त्याला बळी पडतं. मधल्या आठवड्यामुळे कारण आणि परिणाम यांची सांगड आपल्या मनात तुटते. घराला रंग दिला, लग्नाचा मांडव पडला, पाहुणे आले, फटाके वाजले, मांजर माळ्यावर जाऊन बसलं, हे सगळं आपण विसरून गेलेलो असतो तेव्हा शिंका सुरू होतात.

दूध पाजणाऱ्या मादीचा आकडाही नीट लक्षात ठेवावा. पिल्लांना आईच्या दुधातून रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं मिळतात. ती काही आठवड्यांत ओसरतात. आई मात्र त्याच काळात, आपण अगदी निरोगी दिसत असताना, विषाणू टाकत असते. पाच-सहा आठवड्यांची पिल्लं एकाएकी चिपडांनी आंधळी झालेली दिसतात ती बहुधा यामुळे. त्या वयात डोळे रोज कोमट मिठाच्या पाण्यानं पुसले आणि वेळेवर औषध घातलं तर दृष्टी वाचते. पुसले नाहीत तर पापण्यांखाली पू साचून बुबुळ फुटतं. एका डोळ्याची मांजरं आपल्या आठवडी बाजारात किती दिसतात, ते पुढच्या वेळी पाहा. त्यांतल्या अनेकांचा डोळा भांडणात गेलेला नसून सर्दीत गेलेला असतो.

कॅलिसिव्हायरसचा स्वभाव वेगळा. तो झोपत नाही. बरं झालेलं मांजर आठवडे, महिने, कधी त्याहूनही अधिक काळ सतत विषाणू टाकत राहतं. जवळपास अडीच महिन्यांनंतरही निम्मी मांजरं टाकत असतात, असं १९७०च्या दशकातच दिसून आलं होतं. आणि हा विषाणू चिवट आहे. हर्पिस ओलसर जागीही दिवसभरात मरतो, कोरड्या जागी त्याहून लवकर. कॅलिसिव्हायरस मात्र वाळलेल्या वाटीवर, फडक्यावर आठवडाभर आणि त्याहून जास्त टिकतो. फरशी पुसायच्या कितीतरी सुवासिक औषधांना तो दाद देत नाही. त्याला मारतं ते ब्लीच, म्हणजे आपलं कपडे पांढरे करायचं द्रावण. एका भागाला सुमारे तीस भाग पाणी घालून, आधी घाण धुऊन काढून, मग ते दहा मिनिटं राहू द्यावं आणि पुन्हा स्वच्छ पाण्यानं धुवावं. फिनाइल मांजराच्या जागी वापरू नये. ते मांजर पायावरून चाटून घेतं आणि त्याच्या यकृताला ते झेपत नाही.

संसर्ग कसा पसरतो, याबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. आपल्याला वाटतं, तो हवेतून पसरतो. मांजराचा श्वास इवलासा असतो. शिंकेचे थेंब चार-पाच फुटांपलीकडे सहसा जात नाहीत आणि हवेत तासन्‌तास तरंगत तर मुळीच राहत नाहीत. मग रोग एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, एका घरातून दुसऱ्या घरात कोण नेतं? आपण नेतो. आपला हात, पदर, बाही, एकच पाण्याची वाटी, नाक पुसायचं एकच फडकं. आजारी पिल्लाला उचलून कुरवाळलेला हात न धुता आपण दुसऱ्या पिल्लाला लावतो. मी हे माझ्या व्यवसायातल्या लोकांनाही उद्देशून बोलतो आहे. तपासणीचं टेबल, थर्मामीटर, डॉक्टरच्या अंगावरचा कोट यांनीही रोग पसरतो. दवाखान्यात एका मांजरानंतर हात धुतले गेले नाहीत, तर मांजर घेऊन आलेल्या माणसानं ते धुवायला सांगावं. त्यात संकोच कसला?

म्हणूनच गर्दी हा सगळ्यांत मोठा धोका. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या हडपसर भागातल्या एका सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरं असल्याचं उघड झालं आणि महापालिकेनं नोटीस दिली. शेजाऱ्यांची तक्रार वासाची आणि आवाजाची होती. माझ्या मनात मात्र त्या घरातल्या हवेचा, वाट्यांचा आणि मातीच्या पेट्यांचा विचार आला. मांजरांवर प्रेम केल्याशिवाय कुणी इतकी मांजरं घरात घेत नाही, हे मी मनापासून मानतो. पण मांजर हा मुळात एकट्यानं शिकार करणारा प्राणी आहे. वाघासारखं त्यालाही आपलं क्षेत्र लागतं. परक्या मांजराचा सततचा वास हाच त्याला ताण असतो. एका छपराखाली मांजरं जितकी जास्त, तितका विषाणू टाकणारं मांजर आत असण्याचा संभव जास्त, ताण जास्त, आणि हर्पिस जागा होण्याचं कारणही जास्त. त्यात सतत नवी मांजरं येत राहिली, लहान पिल्लं मोठ्यांत मिसळली, तर सर्दी त्या घरातून हटत नाही. पाच मांजरांच्या घरातली सर्दी महिन्याभरात संपते. पन्नासांच्या घरातली वर्षभर चालते, कारण तिला रोज नवं कोवळं अंग मिळत असतं.

ताण कमी केला तर रोग खरंच कमी होतो का? होतो, आणि त्याला पुरावे आहेत. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्यानं आलेल्या काही मांजरांना लपायला साधा खोका दिला आणि काहींना दिला नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खोका मिळालेली मांजरं तिसऱ्या-चौथ्या दिवसापासूनच कितीतरी शांत झालेली दिसली. त्याच वर्षीचा कॅनडातला एक अभ्यास तर मला अतिशय प्रिय आहे. निवाऱ्यात आलेल्या घाबरट मांजरांना दिवसातून चार वेळा, दहा-दहा मिनिटं, दहा दिवस हळुवार बोलत कुरवाळलं गेलं. ज्यांना असं कुरवाळलं नाही, त्यांच्यात सर्दीचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. कुरवाळलेल्या मांजरांच्या आतड्याच्या अस्तरातली रोगप्रतिकारक द्रव्यंही वाढलेली होती. माया करणं हे इथे मोजता येणारं औषध ठरलं. ते हात धुऊन करायचं, एवढी अट आहे.

आपल्याकडे निवारे नाहीत, पण किराणा दुकानात पुठ्ठ्याचे खोके भरपूर आहेत. नवं मांजर आणलंत तर त्याला पंधरा दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. वेगळी वाटी, वेगळी मातीची पेटी, एक लपायचा खोका, आणि उंचावर बसायला एक फळी. घरातल्या मांजरांना आधी खाऊ घाला, मग नव्याला, म्हणजे हात उलट दिशेनं जाणार नाही. पंधरा दिवस कशासाठी? मघाशी सांगितलेला तो मधला आठवडा आणि त्यानंतरचा विषाणू टाकण्याचा काळ त्यात बसतो म्हणून.

लसीबद्दल थोडं. मांजरांसाठी जी मूळ लस आहे ती तीन रोगांवर असते. हर्पिस, कॅलिसिव्हायरस, आणि तिसरा पॅनल्यूकोपेनिया, जो आतड्यांवर हल्ला करून पिल्लांना दोन दिवसांत नेतो. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरुवात करायची, दर दोन ते चार आठवड्यांनी डोस द्यायचा, आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांनंतर पडेल असं पाहायचं. त्याआधीचे डोस आईकडून आलेल्या प्रतिद्रव्यांमुळे वाया जाऊ शकतात. एक डोस देऊन थांबणाऱ्यांची लस म्हणून ‘लागत नाही’. पॅनल्यूकोपेनियावर ही लस उत्तम काम करते. सर्दीच्या दोन विषाणूंवर ती संसर्ग पूर्ण थांबवत नाही, आजार सौम्य करते. लस घेतलेलं मांजर शिंकलं म्हणून लस खोटी असं समजू नका. ते शिंकून तीन दिवसांत बरं झालं, डोळा शाबूत राहिला, जेवत राहिलं, हे लसीचं काम आहे. आणखी एक, लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहायला हवी. मे महिन्यात आपल्या भागातला उन्हाळा आणि वीज जाण्याचं प्रमाण पाहता, लस बर्फाच्या डब्यातूनच आणलेली आहे ना, हे विचारायचा अधिकार तुम्हाला आहे.

आता उपचारात होणाऱ्या चुका. यातल्या काही जीव घेतात, म्हणून मी इथे आवाज चढवून बोलतो.

मांजराला पॅरासिटामॉल कधीही, कुठल्याही मात्रेत देऊ नका. आपल्या घरात तापाची गोळी सहज हाताशी असते. लहान मुलाला अर्धी देतो, म्हणून मांजराला पाव देतात. मांजराच्या यकृतात ती गोळी निकामी करून बाहेर टाकायची यंत्रणा फारच तोकडी आहे. रक्तातला ऑक्सिजन वाहून नेणारा घटक बिघडतो, हिरड्या तपकिरी होतात, तोंड सुजतं, श्वास लागतो आणि मांजर मरतं. सर्दीनं ते मेलंच नसतं.

दुसरी गोष्ट, निलगिरीचं तेल, कापूर, बाम. छातीला चोळायचे नाहीत, वाफेच्या पाण्यात घालायचे नाहीत. वाफ नुसत्या पाण्याची. न्हाणीघरात गरम पाणी सोडून दार लावा आणि मांजराला घेऊन दहा मिनिटं बसा, तेवढं पुरतं.

तिसरी, स्टेरॉइड. लगेच गुण दिसावा म्हणून सर्दीच्या मांजराला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं जातं. मेडिकलमधून आणलेल्या डोळ्यांच्या कितीतरी थेंबांतही ते असतं. गॅस्केल यांच्या प्रयोगातला दहात सात हा आकडा आठवा. शिवाय हर्पिसनं बुबुळावर जखम झालेली असताना स्टेरॉइडचा थेंब पडला तर डोळा जाऊ शकतो. बाटलीवरचं नाव डॉक्टरला दाखवल्याशिवाय थेंब घालू नका. लायसिन नावाची पूडही मांजरांच्या सर्दीवर विकली जाते. २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात तिचा उपयोग दिसला नाही. ते पैसे लसीला ठेवा.

विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. मात्र नाकातून येणारा स्राव पिवळा-हिरवा झाला, ताप राहिला, तर जीवाणू शिरलेले असतात आणि तेव्हा डॉक्सीसायक्लिनसारखं औषध लागतं. ही गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होऊन नळी आवळते. म्हणून गोळीनंतर पिचकारीनं थोडं पाणी पाजायचंच.

आणि सगळ्यांत मोठी सुश्रूषा म्हणजे खाऊ घालणं. नाक बंद झालेल्या मांजराला अन्नाचा वास येत नाही, आणि ज्याचा वास येत नाही ते मांजर खात नाही. दोन-तीन दिवस पोट रिकामं राहिलं की, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचू लागते आणि सर्दीपेक्षा ते दुखणं भारी पडतं. आधी नाक ओल्या कापसानं पुसा. मग मासळी उकडून, काटे काढून, कोमट असताना द्या. तळ्यातली छोटी मासळी आपल्याकडे बारा महिने मिळते, तिच्या उकळीच्या पाण्यालाच इतका वास असतो की मांजर उठून बसतं. एका दिवसात काहीच खाल्लं नाही, तोंड उघडं ठेवून श्वास घेऊ लागलं, किंवा पिल्लू असेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

आता छिंदवाड्याकडे येतो.

बर्ड फ्लू आपल्याला नवा नाही. देशात तो पहिल्यांदा नोंदला गेला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, महाराष्ट्रातल्या नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि माणसं रस्त्यावर आली. पण तेव्हा चर्चा कोंबड्यांची होती. मांजरवर्गीय प्राण्यांना हा विषाणू किती जिव्हारी लागतो, हे मात्र त्याच्या दोनच वर्षं आधी थायलंडमध्ये दिसलं होतं. तिथल्या एका व्याघ्र उद्यानात ४४१ वाघ होते. कोंबडीचं कच्चं मांस खाऊन संसर्ग शिरला आणि त्यातले १४७ वाघ मेले किंवा मारावे लागले. २०२३ मध्ये पोलंडमध्ये २९ मांजरांत हा विषाणू निघाला, संशय कच्च्या कोंबडीवर होता. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये आजारी गाईंचं न तापवलेलं दूध गोठ्यातल्या मांजरांना पाजलं गेलं. त्यातली निम्म्याहून अधिक मेली.

या सगळ्यांत एक धागा आहे. साध्या सर्दीत रोग मांजराकडून मांजराकडे, आपल्या हातानं जातो. बर्ड फ्लूमध्ये तो मुख्यतः ताटलीतून जातो. कच्ची कोंबडी, तिची आतडी, मेलेला पक्षी, कच्चं दूध. लक्षणंही वेगळी असतात. शिंका आणि चिपडं यांपेक्षा प्रचंड ताप, धाप, मग अंधत्व, झटके, गोल गोल फिरणं, आणि दोन-चार दिवसांत मृत्यू. अशा मांजरानं नुकता मेलेला पक्षी खाल्ला असेल, किंवा आसपास कोंबड्या, कावळे मरत असतील, तर तोंड-नाक झाकून, हातमोजे घालून, लगेच जनावरांच्या सरकारी दवाखान्याला कळवा. मेलेलं मांजर उघड्या हातानं उचलू नका, वैनगंगेत तर मुळीच टाकू नका.

छिंदवाड्यात चिकनची दुकानं बंद करावी लागली, त्यात दुकानदारांचं मोठं नुकसान झालं. मी आपल्या बाजारातल्या दुकानदारांशी या विषयावर बोलत असतो. ती माणसं कष्टाळू आहेत. दिवसाच्या शेवटी उरलेली आतडी, पाय, डोकी दुकानामागे टाकली जातात, मांजरं आणि कुत्री त्यांची वाट पाहत बसलेली असतात. कुणी वाईट हेतूनं ते करत नाही, उलट मुक्या जिवाला घास म्हणूनच टाकतं. माझी विनंती एवढीच, की तो घास एका पातेल्यात घालून एकदा उकळा. ७० अंशांपुढे शिजलं की हा विषाणू मरतो. फ्रिजमध्ये ठेवल्यानं मात्र मरत नाही. ज्या दुकानाला उकळणं जमत नाही, त्यांच्यासाठी झाकणाचे डबे आणि रोज उचलणारी गाडी नगरपालिकेनं द्यावी. हा खर्च कोंबड्यांचा बाजार महिनाभर बंद राहण्यापेक्षा कितीतरी कमी आहे.

आपल्या जिल्ह्याला सावध राहायला आणखी एक कारण आहे. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचा मुक्की दरवाजा आपल्या बैहर तहसिलीत आहे. आपल्या रानांत वाघ-बिबट्यांशिवाय रानमांजर आहे, जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक असलेली वाघाटी आहे. रानमांजर रात्री गावाच्या कडेला, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी येतं, तिथेच आपलं मांजरही फिरत असतं. बिबट्या तर गावातलं मांजर खातोसुद्धा. हर्पिस, कॅलिसिव्हायरस, पॅनल्यूकोपेनिया हे तिन्ही रोग या रानटी भावंडांना होऊ शकतात. पाळीव जनावरांत फिरणारा रोग जंगलात शिरला तर काय होतं, ते गीरमध्ये २०१८ साली दिसलं. वीसहून अधिक सिंह गेले आणि त्यात कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला. त्यानंतर सिंहांसाठी परदेशातून लस आणावी लागली. बैहर आणि बिरसा भागातल्या जंगलालगतच्या गावांत मांजरांना तीन रोगांची लस टोचण्याची मोहीम वनविभाग आणि पशुवैद्यकीय विभाग यांनी मिळून घ्यावी. गुरांना खुरीची लस टोचायला पथक गावात जातंच, त्याच फेरीत बर्फाचा एक डबा वाढवायचा आहे. बोक्यांचं आणि मांजरींचं निर्बीजीकरण सोबत केलं तर पिल्लांची संख्या आटोक्यात राहील, आणि दरवर्षी चिपडांनी आंधळी होणारी ती पिल्लं मुळात कमी जन्मतील.

शेवटी, मला नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न. मांजराच्या सर्दीनं लेकराला काही होईल का? हर्पिस आणि कॅलिसिव्हायरस माणसाला होत नाहीत. क्लॅमिडियामुळे क्वचित डोळा लाल होऊ शकतो, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजारामुळे फार खालावली आहे त्यांनी बोर्डेटेलापासून जपावं. बाकी हात धुणं पुरे. पण रोग उलटही जातो, हे कमी जणांना ठाऊक आहे. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातल्या वाघिणीला कोविड झाला. २०२१ मध्ये हैदराबाद आणि चेन्नईजवळच्या वंडलूरच्या प्राणिसंग्रहालयांतल्या सिंहांनाही झाला. पाळीव मांजरांनाही तो घरातल्या माणसांकडून होतो, आणि माणसाचा साधा फ्लूसुद्धा मांजराला लागल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा घरात ज्याला ताप-खोकला आहे त्यानं चार-सहा दिवस मांजराला उशाशी घेऊ नये. त्याला वाढण्याचं काम घरातल्या दुसऱ्या कुणी करावं, आणि दूध घालणार असाल तर ते उकळून, गार करून घालावं.